काज

भरती सव्वाअकराला.
त्याआधी दीड तास मिळेल, बारवाल्यानं सांगितलं,
आणि हेही, की कुणी हटकलंच
तर आधी सांग, मी सरकारी नाही.

ट्रायपॉडचा एक पाय सारखा वाळूत खचायचा.
खाली चपटा दगड दिला.
समोर 'इंगा लुंड',
म्हणजे तिच्या फासळ्या तेवढ्या. एकोणीस, मोजल्या मी.
आणि बॉयलर, शेवाळलेला,
कुशीवर बसलेल्या गाभण गाईसारखा.

गंज फोटोत छान येतो.
हे वाक्य मी लुगोच्या वर्गात किती वेळा म्हटलंय.
ढगाळ उजेड, लांब एक्सपोजर,
लाटांचं धुकं होतं आणि लोखंड तेवढं उरतं.

फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात
खडकाला चिकटलेली एक बाई,
पिवळा रबरी कोट, कमरेला दोर.
पेर्सेबे खरवडत होती,
नाताळात ज्यांचा भाव ऐकून माणूस परत फिरतो ते.
ती हलेल म्हणून मी थांबले.
मी हलेन म्हणून ती.

शेवटी तीच आली. बाल्बिना.
"इथं काय बघतेस? जहाज केव्हाच गावात गेलं."

मग सांगत राहिली, अर्धी वाक्यं वारा नेत होता:
फेब्रुवारी, धुकं, माल बटणांचा,
कुठल्याशा लष्करासाठी, खोक्यांवर खोकी.
सकाळी अख्खा किनारा काळा,
पायाखाली खडखडणारा.
आणि अकरा माणसं. उघडी.
समुद्र आधी कपडे काढून घेतो, म्हणाली,
शेजारणीची खोड सांगावी तसं.

बायकांनी घरातल्या चादरी फाडल्या.
दोन रात्री बसून अकरा सदरे शिवले,
मापं अंदाजानं, नवऱ्यांच्या, पोरांच्या अंगावरून.
बटणं त्यांच्याच जहाजाची.
बाल्बिनाची आत्या तेव्हा आठ वर्षांची,
तिच्याकडे काम बटणं धुण्याचं.
खारं पाणी दोरा खातं ना.

एक सदरा अपुरा पडला, गळ्याशी लागेना.
वरचं बटण तसंच सोडून पुरलं त्याला.
आत्या मरेपर्यंत एवढंच सांगायची.
त्याचं नाव नाही, गाव नाही,
फक्त, तो एक गळ्याशी उघडा राहिला, त्या थंडीत.

मी लेन्सचं झाकण लावलं, काढलं, लावलं.
ती माझ्या कोटाकडे बघत होती.
दुसरं बटण मागच्या हिवाळ्यापासून नाही.
खिशात चाचपून एक काढलं तिनं, काळं, चार भोकांचं,
आणि सुट्टे पैसे परत करावेत तसं हातावर ठेवलं.
"पाणी चढतंय. तुझं तिकाटणं बुडेल."

फोटो चांगले आलेत. सदतीस.
एकात कोपऱ्यात पिवळा ठिपका.
तो कापायचा ठरवून बसले होते,
मग सुईदोरा शोधायला उठले.

बटण लावलं.
मोठं आहे, काज लहान.
ब्लेडनं जरासं वाढवलं की झालं.
अजून वाढवलेलं नाही.