तळघराच्या दाराचं माप

ला-हाव नदीकाठच्या निम्म्या स्वयंपाकघरांत
बर्नेलच्या हातची कपाटं आहेत.
झिंकांकडे चेरीची, दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे मेपलची,
चर्चच्या मागच्या खोलीत तर कपबशांसाठी
त्यानं फुकट करून दिलेली सबंध भिंत.
आणि आमच्याकडे
सासऱ्यांनी होडीच्या उरलेल्या फळ्यांतून
ठोकलेले तीन कप्पे.
धुक्याच्या दिवसांत त्यांची दारं फुगून बसतात
रुसलेल्या जावयासारखी.
दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच,
बेचाळीस वर्षं मी त्यात साखर शोधली.

यंदा जानेवारीत तो म्हणाला, उभी राहा.
मी ओट्यापाशी उभी राहिले, चप्पल काढून.
कोपरापासून जमिनीपर्यंत त्यानं टेप सोडली,
मग म्हणाला, चप्पल घाल, रोज घालतेस ना?
पुन्हा मोजलं.
हात वर कर. आणखी. टाचा उचलू नकोस.
जिथवर बोटं पोचली
तिथं भिंतीवर पेन्सिलीची रेघ ओढली
आणि बाजूला लिहिलं: व्हर्ना.
लग्नाच्या दिवशीसुद्धा
इतक्या बारकाईनं बघितलं नव्हतं त्यानं माझ्याकडे.

मग दोन महिने तो तळघरात.
खाली करवत फिरली की वर कपबशा किणकिणत,
तेवढीच त्याची खबर.
भुसा त्याच्या भुवयांत, भुसा कॉफीत,
उशीच्या अभ्र्यातसुद्धा.
पिवळ्या बर्चला वास असा नसतोच,
मला यायचा तो सरसाचा,
आणि रंधा गरम झाला की जरासा लोखंडाचा.
एकदा शेगडीत लाकूड सारताना पाहिलं,
पारव्याच्या शेपटीसारखे सांधे कोरलेली
ड्रॉवरची एक बाजू जळत होती.
नख जाईल एवढी फट राहिली, म्हणाला.
मी वाकून पाहिली. मला दिसली नाही.
दिसली असती तरी
घरातल्या कुठल्याही लाकडापेक्षा ते सुबक होतं,
आणि छान जळलं.

मार्चच्या मध्यात एल्ड्रेड झिंक आला, हात द्यायला.
जमिनीपासून माझ्या बोटांपर्यंत,
बारा खणांचं, एकसंध, उभं कपाट.
गुण्या लावा, ओळंबा सोडा, केसाचा फरक नाही.
दोघांनी उचललं, वळवलं,
जिन्याच्या दारापाशी आणलं,
आडवं केलं, तिरकं केलं,
दार काढून ठेवलं,
बिजागऱ्या काढल्या,
एल्ड्रेडनं आपला कोटसुद्धा काढला.

दोन बोटं.
दोन बोटं जास्त होतं कपाट.

माझी चप्पल मोजणाऱ्या माणसानं
दार मोजलं नव्हतं.

एल्ड्रेड छताकडे बघू लागला.
बर्नेल काही बोलला नाही, करवत घेऊन आला,
बरोबर मधोमध पेन्सिल टेकवली.
मी जिन्याच्या वरच्या पायरीवर होते,
तोंडावर ॲप्रन दाबून,
आणि हसू थांबलं तेव्हा म्हटलं,
राहू दे ते. तिथंच राहू दे.

आता ते तळघरात आहे.
लोणच्याच्या बरण्या, ब्लूबेरीचा जॅम,
त्याच्या आईची मोठी पितळी कढई,
सगळं हाताशी. टाचा टेकलेल्या.
वरच्या मजल्यासाठी तो दुसरं करतोय,
दोन तुकड्यांत,
आणि तळघराच्या चौकटीवर
पेन्सिलीनं एक आकडा लिहिलाय, भोवती चौकोन,
चौकोनाखाली दोन रेघा.
वर अजून सासऱ्यांचेच तीन कप्पे.
आज सकाळी धुकं होतं, दारं उघडेनात.
मी दिवा लावला, चप्पल घातली,
आणि साखरेसाठी खाली उतरले.