गिरणी चालू

दिवसा मी बियाणे कंपनीत उगवण मोजतो.
ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर दाणे,
आठव्या दिवशी गुंडाळी उलगडायची आणि लिहायचं:
अठ्ठ्याऐंशी. एक्क्याण्णव.
चार कुजले. तीन कडक राहिले,
पाणीच प्यायले नाहीत.

रात्री तेच काम, फक्त कानांनी.

लॅपटॉपवर सात सिंथेसायझर उतरवलेत,
बहुतेक चौदा दिवसांचे पाहुणे.
एकाला जुन्या यंत्राचं रूप, कडेला लाकडी पट्टी,
चित्रातलं लाकूड, कधीच वाळवी न लागणारं.
दुसरा दर मिनिटाला फुस्स करतो,
पैसे भर, याची आठवण.
तिसऱ्याची किंमत डॉलरमध्ये,
आणि माझं कार्ड परदेशी दुकानाच्या दारात
चप्पल काढून उभं.
चौथा उघडला की पंखा असा घुरघुरतो,
जणू भंगाराचा ट्रक रोलिंग मिलच्या चढावर.

आवाज मात्र सगळ्यांचे सुरेख.
तीच तर अडचण.
ढोल असे, की रिकाम्या गोदामात कुणी दार आपटावं
आणि घुमणं अर्ध्यातच कापून टाकावं.
ऐंशीचं दशक, धुतलेलं, इस्त्री केलेलं,
जांभळे दिवे, ओला डांबरी रस्ता,
लांबलचक गाडी समुद्राकडे निघालेली.

जालन्यात समुद्र नाही.
मी शहाण्णवचा.
जिथं कधी नव्हतोच
तिथून हाकलल्यासारखं का वाटतं
एवढ्या दोन सुरांवर?

आईला विचारलं, ऐंशी साली काय होतं गं?
"रॉकेलची रांग," म्हणाली,
"आणि तुझ्या मामाची मिशी."

मग गवारे काकांकडे गेलो.
शबनम ऑर्केस्ट्राचे गवारे, जिल्ह्यात पहिला कॅसिओ आणणारे,
असं ते सांगतात. परतूरचा एक जण वेगळं सांगतो.
आणि तो कॅसिओ नव्हताच, होता कुठला तरी दुसरा,
पण तेव्हा इथं बटणं असलेल्या प्रत्येक पेटीला कॅसिओच म्हणत.
आता झेरॉक्सचं दुकान. सातबारा, आधार, मार्कशीट.

हेडफोन त्यांनी उलटा घातला.
एक ऐकला. दुसरा.
पाचव्याला चष्मा पुसला, जणू दिसत नव्हतं.
"लई साफ हाय रे," म्हणाले.
"आमचा नव्हता असा वाजत.
लगनात वायर ओढायचे गिरणीच्या लायनीवरून.
मी सूर धरला की तिकडं कुणी ज्वारी टाकायचं,
व्होल्टेज बसायचं, अन् सूर बी बसायचा, एवढासा.
गाणारी बाई माझ्याकडं बघायची,
मी गिरणीकडं.
दळण सरलं की सगळं वर यायचं पुन्हा,
बाई, दिवे, मी."

त्या रात्री सहावा उघडला.
फुकटातला, राखाडी, फिनलंडच्या कुणा एकट्यानं केलेला,
दिसायला पाण्याच्या मीटरसारखा.
त्याला ड्रिफ्ट नावाचं एक बटण.
मी इतके दिवस ते शून्यावर ठेवत होतो, नेमानं,
जसं टेबलावरून कचरा पुसावा.
शून्यावरून तीन. तीनवरून एकतीस.
सूर ढिल्या बाजेवर कुणी बसल्यासारखा
मधोमध खाली गेला, आणि उठताना
थोडा वेळ कुठे आहोत हे विसरला.

नाव देऊन ठेवला: गिरणी चालू.
बाकीचे सहा पुसले. तिसऱ्याला जरा वेळ लागला.

सकाळी कामावर जाताना दुकानात शिरलो.
काका कुणाचा तरी रहिवासी दाखला छापत होते,
हिरवा उजेड त्यांच्या हनुवटीखालून
जायचा, यायचा.
या वेळी हेडफोन सरळ घातला.
डोळे मिटले. बराच वेळ काही बोलले नाहीत.
गिऱ्हाईक म्हणालं, "दोन प्रती पाहिजेत."

"चांगलंय," काका म्हणाले,
"पण ही गव्हाची वाटायली.
ज्वारीला आणखी बसायचा."