कूस

बेव्हर्लीच्या औषधांच्या दुकानात
नवीन यंत्र बसवलंय, चष्म्यांच्या स्टँडपाशी.
भाषा निवडा म्हणालं. निवडली.
आवाज पुण्याकडचा, जरा सर्दी झाल्यासारखा.
विचारलं त्यानं:
‘दुखणं एकाच जागी आहे,
की कूस बदलतंय?’

मी गप्प.
थोडं थांबून ते म्हणालं, भाषा पुन्हा निवडा.

हे वाक्य कुठल्या कोशात नाही.
हे आहे माझ्या पुस्तिकेत, पान एकवीस.
‘दवाखान्यातली मराठी’, चौसष्ट पानं, दोन पिना,
हलच्या इस्पितळातल्या नर्सेससाठी
अठ्ठ्याण्णव साली रात्रपाळीत लिहिलेली.
इंग्रजांचं दुखणं एक ते दहात मावतं.
आपली कळ वेगळी, चमक वेगळी,
ठणका, उसण, शिणक, भरून येणं,
आणि मुंग्यांचं तर विचारूच नका,
एका सिस्टरनं खरंच चादर झटकली होती.

आता लंडनच्या वकिलांचं पत्र आलंय.
यंत्र ज्या पुस्तकांवर पोसलं
त्यांत तुमचंही होतं, कंपनी तडजोडीला तयार आहे.
रक्कम वाचली. निम्मा बॉयलर दुरुस्त होईल.
खाली चौकट:
या मजकुराचे एकमेव मूळ निर्माते आपणच आहात काय?
असल्यास खूण करा.

शेजारचे सिरिल एलरकर म्हणाले, पैसे कसले घेता,
यंत्रच मागा. सगळ्यांच्या नावावर करा म्हणावं.
आणि काठीनं वेस्टवूड दाखवलं,
जिथं त्यांचे आजोबा गुरं मोजायचे.
गाय ज्याची त्याची, गवत गावाचं,
चराईचे पैसे गावाच्या पेटीत.
गवत खाऊन वर गवतालाच कुंपण घालायचं
हे कुठल्या गायीला सुचलंय?

मी म्हटलं, आमच्याकडे याला गायरान म्हणतात.
सातबाऱ्यावर नाव सरकारचं असतं
आणि रातोरात तारा ओढणारे गावातलेच असतात.
शिवाय सरकारी म्हणाल तर, सिरिल,
माझ्या गुडघ्याची तारीख चौदा महिने झाले आली नाही.
ते हसले.
तारीख आली नाही खरी,
पण गुडघा कुणाला विकला गेलाय का?

यावर मला उत्तर सुचलं नाही.
चहा केला.

रात्री पेन घेऊन बसले. खूण म्हणजे काय,
एक तिरकी रेघ. अख्खी पुस्तिका लिहिली मी,
टाईप केली, पिना मारल्या.
पण ते वाक्य.
ते भागीरथी घोसाळकरांचं.
चौऱ्याण्णवचा फेब्रुवारी. मुलगा गोदीत फिटर,
त्याच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या.
पहाटे तीनला माझं मनगट धरून म्हणाल्या,
दुखणं कूस बदलतंय गं बाई,
तान्ह्या पोरासारखं.
हातमोज्यांच्या खोक्यावर लिहून घेतलं मी.
विचारलं नाही.
चौथ्या दिवशी त्या गेल्या.
मी त्यांना काय दिलं होतं? जास्तीची एक उशी.

आणि त्यांना तरी कुणी दिलं असेल,
सासूनं, सुईणीनं,
की पाळणा हलवता हलवता डुलक्या घेणाऱ्या कुणी.
त्या चौकटीत एवढ्या बायका कशा बसणार?
कंपनी तर एकटीच बसलीय, पाय पसरून.

खूण केली नाही. सोडलंही नाही.
मागच्या पानावर एक रकाना होता,
अन्य हक्कदार असल्यास नाव व पत्ता.
लिहिलं, मराठीतच, शाई जरा फुटली:
भागीरथी घोसाळकर,
वॉर्ड सात, खिडकीकडची खाट.

पोस्टकोडची सात घरं रिकामी राहिली.

सकाळी पाकीट टाकायला निघाले
तर रस्त्याच्या मधोमध एक तांबडी गाय,
मागे बस, दुधाची गाडी, शाळेची पोरं.
इथं कुणी हॉर्न वाजवत नाही.
गुडघा ठणकत होता, मग चमकला,
मग त्यानं