दुरुस्तीचं बिल

तटबंदीची उपमा मी देणार नाही,
दुकानाच्या दारातून सुवर्णदुर्ग दिसत असला तरी.
किल्ल्यांवर बोलायला शाळेत सर आहेत.
मी हर्णै बंदरावर कॉम्प्युटर दुरुस्त करतो.
मला कळल्या तर होड्याच कळतात, त्याही काठावरून.

बंदीच्या दिवसांत होड्या वर ओढतात
तेव्हा लाकडी होडीची फळी न फळी उघडी पडते.
येणारा-जाणारा टिचकी मारतो,
"इथली सांध गेली रे, कापूस ठोक, राळ भर."
लिनक्स तसं, मी सांगायचो.
लपवायला जागाच नाही.

फायबरची होडी म्हणजे वाशीच्या मेहुण्याचा लॅपटॉप,
चंदेरी, पाठीवर चावलेलं सफरचंद.
किडा लागत नाही म्हणतो.
पण चीर गेली तर कंपनीकडे न्यायची,
दापोलीत नाही, खेडात नाही, थेट मुंबईला.
"गेली का कधी?" तो हसायचा.
"तुला दिसेल कशी?" मी.

विंडोजवर तर माझं तोंडच सुटायचं.
सोसायटीत तेच, ग्रामपंचायतीत तेच,
बर्फाच्या कारखान्यात, पतपेढीत तेच.
समोरचा झेरॉक्सवाला नझीर मिरकर म्हणायचा,
"ज्या लाकडाच्या होड्या जास्त, त्या लाकडाचा किडा जास्त.
दोष लाकडाचा नाय, गर्दीचा.
आणि तुझ्या लिनक्सच्या फळ्या सगळ्यांना दिसतात ना,
मग बघतंय कोण? तू बघितल्यास?"

मी चहा सांगायचो.
नव्हत्या बघितल्या.

ऑगस्टात, होड्या नुकत्या पाण्यात उतरलेल्या,
सोसायटीचा कॉम्प्युटर बसला.
बासष्ट होड्यांच्या डिझेल परताव्याची यादी,
तिच्या जागी नुसते शॉर्टकट.
दाबलं की एक काळी खिडकी
लुकलुकते आणि मिटते.
सेक्रेटरी दामोदर चोगले घामाघूम.
बाहेर लिलावाचा गलका, बैलगाड्या चाकं बुडेस्तोवर समुद्रात,
आत आम्ही दोघं आणि पंख्याची खरखर.

तीन दिवस बसलो.
फायली मेल्या नव्हत्या, दडवल्या होत्या.
एकेक बाहेर काढली,
काढताना ऐकवत राहिलो,
"तरी सांगत होतो, विंडोज टाका काढून."
साठीतला माणूस, मान खाली घालून ऐकत होता.
बिल बाराशे.
वर एक सुरमई, वर्तमानपत्रात गुंडाळून.

त्या रात्री माझा पेनड्राइव्ह साफ करायला घेतला.
निळा, स्कूटरच्या किल्लीत अडकवलेला.
आत तीच फाइल.
तारीख जुलैची. सोसायटीच्या तीन आठवडे आधीची.

वही काढली.
ग्रामपंचायत, सहा तारीख, प्रिंटर.
बर्फाचा कारखाना, अकरा.
पतपेढी, चौदा.
मग चोगले.

माझ्या मशीनला साधी कणकण नाही.
तो किडा लिनक्सला चावतच नाही.
चावला असता तर कळलं असतं.
मी घरोघर त्याला खिशातून नेला,
आणि प्रत्येक दारात
सुरक्षिततेवर बोललो.

होडी ठणठणीत असते,
तळाला चिकटून आलेलं
दुसऱ्या बंदरात उतरतं.
हे मला कुणीही खलाशी सांगू शकला असता.
मी विचारलं नव्हतं.

सकाळी दाराला पाटी लावली:
गणपतीनिमित्त कॉम्प्युटर तपासणी मोफत.
ग्रामपंचायतीत सरपंचबाईंनी पेढा दिला.
कारखान्यात म्हणाले, असा माणूस गावाला पाहिजे.
मी तो पेढा खाल्ला.

चोगल्यांकडे गेलो नाही अजून.
बाराशेतले आठशे रॅममध्ये गेले.

नझीरने पाटी दोनदा वाचली.
"निमित्त काय रे, खरं?"

मी चहा सांगितला.
तो साखर ढवळत राहिला, विरघळून गेली तरी.
मग काउंटरखालून स्वतःचा पेनड्राइव्ह काढला
आणि माझ्यासमोर सरकवला.
"हा पण बघ," म्हणाला.
"जुलैत तूच लावला होतास."