विचलन

घड्याळ काढा, पट्टा काढा,
अंगात कुठे खिळा, तार, छर्रा?
रोजचेच प्रश्न. त्यार्क्स हसले,
"पोरी, लोखंडाशीच तर वैर केलं जन्मभर."

ब्रेमरहाफेनच्या धक्क्यावर एकेचाळीस वर्षं
ते जहाजांची होकायंत्रं सुधारत.
प्रत्येक जहाजाच्या पोटात त्याचं त्याचं लोखंड,
उत्तरेला जरासं खोटं बोलायला लावणारं.
जहाज संथ गोल फिरवायचं, आठही दिशांना थांबायचं,
कुठे किती अंश चुकतं ते पेन्सिलीनं लिहायचं,
मग सुईशेजारी बोटभर चुंबक ठेवून
त्या खोट्यावर दुसऱ्या खोट्याचा उतारा.
तरी थोडं उरायचंच. उरेल त्याचा तक्ता
काचेखाली लावायचा. सही, तारीख.

लग्नाची अंगठी निघेना. साबण, मग तेल,
शेवटी दोरा गुंडाळून काढली.
खालचं पांढरं कातडं ते बघत राहिले,
परक्या माणसाचं बोट असावं तसं.

नळी जांघेतून चढते.
हिच्यात पोलादाची वीण नाही, टोकाशी
तांब्याची दोन बारीक वेटोळी फक्त.
चुंबकाचा ठणठणाट चाललेला, आणि माझ्या पडद्यावर
एक हिरवा ठिपका
करड्या, ओल्या, हलत्या खोलीत
भिंत चाचपत चालतो.

डॉक्टर वीबके ओल्टमान्स आता शिसं घालत नाहीत.
वीस वर्षं तो एप्रन वागवला, दोन मणके गेले.
क्ष-किरणांत हृदय म्हणजे
धुक्यातलं बंदर, म्हणायच्या, कडा नाहीत, नुसते अंदाज.
आता मांस दिसतं. जुना चट्टा दिसतो.
दिसत नाही ते एकच: धड ईसीजी.
एवढ्या चुंबकात वाहतं रक्तच वीज करतं
आणि कागदावरची रेघ भलतंच सांगते.
(हे त्यार्क्सना सांगायला हवं होतं. आवडलं असतं.)

ठिपका थांबतो. लाट इथे कधी पोचली?
दहा मिलिसेकंद. साठ. एकशे तीस.
लाल, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा,
आणि जांभळ्याला खेटून
पुन्हा लाल.

चकवा.
रात्रभर चालून माणूस त्याच बाभळीपाशी येतो ना,
तसा. मिनिटाला तीनशे वेळा,
आणि चालणाऱ्याला वाटतं, आपण सरळच निघालोय.

झडप आणि मोठी शीर यांच्यामधे एक चिंचोळी पट्टी आहे,
तिथून गेल्याशिवाय फेरी पुरी होत नाही.
डॉक्टर तिथे डागत गेल्या. थेंबाएवढे डाग.
मी चित्र काढलं: पांढरी, सुजलेली ओळ,
आणि मधे दोन मिलिमीटर
काहीच नाही.
"इथून निसटतोय," मी म्हटलं.
कुणी उत्तर दिलं नाही. ठिपका मागे सरकला.

मग कानातला आवाज बदलला.
खोलीत आठ माणसं होती, आठही गप्प.
धप्. थांबा. धप्.
एवढी जागा असते दोन ठोक्यांमधे, विसरलेच होते मी.

संध्याकाळी अंगठी द्यायला गेले.
बोट सुजलेलं, त्यांनी ती खिशात टाकली.
खिडकीबाहेर वेझरवर एक मालवाहू जहाज वळत होतं,
ते पुरतं वळेपर्यंत बोलले नाहीत.
मग विचारलं, "आणि उरलं किती?"

बरा झालो का, सगळे विचारतात.
हे कुणी विचारलं नव्हतं.

"तीन महिन्यांनी कळेल," मी म्हटलं.

"मग लिहून ठेव," म्हणाले,
"पेन्सिलीनं."