क्लाक्सविक, डिस्क ब्याण्णव टक्के

मासळीच्या नोंदीला जागा लागते ती किती!
बोट, जात, किलो, तराजूचा नंबर, वेळ.
आमच्या धक्क्यावरचा सात वर्षांचा कॉड,
हॅडॉक आणि बाकीचं किडूकमिडूक,
सगळं मिळून अडतीस जीबी.
मी तीनदा बेरीज केली,
चौथ्यांदा मारियुनला करायला लावली.
अडतीस.

आणि डिस्क म्हणते, चारशे एकाहत्तर.

कुठंतरी पाणी मुरतंय.
पण भिंत चाचपायची तर ती आहे कुठं?
जागा भाड्याची, समुद्रापलीकडे स्वीडनात कुठंशी,
तिची किल्ली आम्हाला कधीच मिळाली नाही.
खिडकी तेवढी दिलीय: एक आलेख,
त्यात निळी रेघ, रोज केसभर वर,
रविवारीसुद्धा,
सगळ्या बोटी बांधलेल्या असताना.

आधी मेलेल्या ओळी झाडल्या.
धड दोन जीबीही निघाले नाहीत.
मग इंडेक्स नव्यानं बांधले, रात्री दोनला,
लिलाव बंद असताना.
तात्पुरत्या फायली शोधल्या. नव्हत्याच.
मदतकेंद्रातला माणूस फार सौजन्यानं म्हणाला,
डिस्क तुमची, वापरही तुमचाच.
ते मला ठाऊक होतं.
घोडं पेंड कुठं खातंय, हे विचारलं होतं मी.

बाहेर धुकं इतकं उतरलेलं
की समोरचं बेट कुणी यादीतून खोडावं तसं गेलेलं.
चौऱ्याण्णव.

शेवटी डेटाबेसला भलताच प्रश्न केला:
काय साठवतोस ते राहू दे,
कुणासाठी साठवतोस?

एकच ओळ आली.
स्लॉटचं नाव: हेग्नी_चाचणी.
चालू: नाही.
शेवटचं वाचन: गेल्या वर्षीचा मार्च.

हेग्नीला जाऊन चौदा महिने झाले.
जाण्याआधी एका दुपारी
त्यानं दुसऱ्या यंत्रावर प्रत उतरवून बघितली असणार.
सांगितलं असणार, मी वाचतोय,
माझं होईपर्यंत काही फेकू नकोस.
मग यंत्र बंद केलं, कोट चढवला.

आणि यानं फेकलं नाही.
प्रत्येक पेटी, प्रत्येक खाडाखोड,
दहाचे नऊ केलेले किलो,
चुकून दोनदा मोजलेला हॅलिबट,
खोडलेला, पुन्हा लिहिलेला, पुन्हा खोडलेला,
सगळं क्रमानं,
ताट वाढून झाकून ठेवावं तसं.
रोज नवं ताट.
जुनं न उचलता.

फोन केला तेव्हा तो कुनोयला, भावाच्या कुरणावर.
लवकर बोल, म्हणाला, एक मेंढी अडलीय.
सांगितलं.
कुठला स्लॉट?
मग जरा थांबून,
अजून आहे तो?
मग, काढून टाक गं. मला नकोय त्यातलं काही.
हसला असावा. वाऱ्यात नीट कळलं नाही.

एका ओळीचं काम.
ओळ लिहून झाली,
आणि एंटर दाबायच्या आधी मी उठून चहा करून आणला.
का, ते विचारू नका.
मारियुननं विचारलं, तिलाही सांगता आलं नाही.

दाबलं. काहीच झालं नाही.
पाच मिनिटं रेघ जागच्या जागी,
निरोप अजून पोचायचाय जणू.
मग दरड सुटावी तशी खाली.
आठ टक्के.

मारियुननं टाळी दिली, आणि मग बिल उघडलं.
ही जागा भरत आली की आपोआप वाढते,
तशी ती शंभराची पाचशे बारा झालेली.
कमी मात्र करता येत नाही, म्हणे.
म्हणजे दर महिन्याला पाचशे बाराचे पैसे,
आत अडतीस.
बाकी सगळं रिकामं, झाडलेलं,
दिवा चालू.

संध्याकाळी हेग्नीचा निरोप आला.
जुळी झाली. एक काळं.

वजन किती, मी सवयीनं विचारलं.