एकेचाळीस नंबरची जागा

इथं आठ मजले होते.
आता एकच आहे, डांबराचा, आणि तोही सपाट नाही.

मी पार्किंगच्या पावत्या फाडतो.
काचेच्या टपरीत, पायाशी हीटर.
लोक विचारतात, तासाचे किती.
आधी इथं काय होतं, हे कुणी नाही विचारत.

आधी लुंडग्रेन बिल्डिंग होती.
गव्हाच्या दलालीत पैसा केलेल्या म्हाताऱ्यानं बांधलेली,
लाल दगड, दारावर कोरलेल्या ओंब्या,
आणि शहरातली पहिली लिफ्ट.
सरोवरापलीकडून शेतकरी यायचे, बायकापोरांसकट,
नुसतं वर जाऊन खाली यायला.
एका बाईनं म्हणे चौथ्या मजल्यावर डोळे मिटले
ते रस्त्यावर आल्यावरच उघडले.

हे आईनं सांगितलेलं.
एकतीस वर्षं तिनं ती लिफ्ट चालवली.
राखाडी गणवेश, पितळी दांडा.
"पाचवा मजला, डॉक्टर हॅग्स्ट्रॉम, दात.
सहावा, विमा, वकील. पायरी सांभाळा."
घरी सूप वाढतानाही कधी तोंडून जायचं,
पायरी सांभाळा.
सगळे तिला नुसतं ओडेसा म्हणायचे,
पेटिफोर्ड हे आडनाव फक्त पगाराच्या पाकिटावर.
आठव्यावर साहेबांचा जेवणाचा क्लब होता.
तिथं ती दिवसातून चाळीसदा जायची,
उंबऱ्याच्या आत एकदाही नाही.

मग दातांचा डॉक्टर उपनगरात गेला,
पाठोपाठ विमा,
आणि त्रेसष्टच्या मार्चमध्ये क्रेनला टांगलेला गोळा आला.
आई बघायला गेली नाही.
म्हणाली, खाली आणायचं काम माझं होतं,
परक्याच्या हातून काय बघायचं.

मी गेलो. नऊ वर्षांचा, शाळा बुडवून.
भिंत पडली तेव्हा चौथ्या मजल्याचा पोपटी रंग
सत्तर वर्षांत पहिल्यांदा उन्हात आला,
आणि खुंटीवर कुणाची तरी टोपी, तशीच.

तळघरातली तिजोरीची खोली मात्र फुटेना.
तीन दिवस झाले, चौथ्या दिवशी
मुकादम कोवाल्चिकनं हात झटकले,
राहू दे, वरून डांबर ओता.

आजूबाजूची जमीन दर हिवाळ्यात थोडी खचते.
ती खोली हलत नाही.
म्हणून एकेचाळीस नंबरला हा उंचवटा,
गाडी तिरकी उभी राहते,
उतरणारा अडखळतो,
आणि मी टपरीतून ओरडतो,
पायरी सांभाळा.

लोक खाली बघतात.
पायरी नसते.